न बदलणाऱ्या देवाची हमाली

जग बदलतं, माणसं बदलतात, एक देव तेवढा बदलत नाही. म्हणून त्याला धरून राहा, मनाला शांती मिळेल. हे बोलणं सध्या आमच्या वस्तीत साथीच्या तापासारखं पसरलंय. एखाद्या वारकरी म्हातारीनं ते म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण म्हणणारी पोरं आपली आहेत. पदवीधर आहेत. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. १४ एप्रिलला निळा फेटा बांधून नाचणारी हीच, आणि १५ एप्रिलला पहाटे मोबाइलवर कुठल्या तरी बाबाचं प्रवचन लावून, डोळे मिटून, न बदलणाऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवणारीही हीच. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दहावी पास, म्हणजे जुन्या हिशेबात मॅट्रिक. गोदीत ओझी वाहतो नि कविता करतो. देवाच्या स्वरूपावर बोलायचा अधिकार तुला कुणी दिला, असं कुणी विचारलं तर सांगतो: ओझं उचलणाऱ्याला वजनावर बोलायचा अधिकार असतोच.

आधी त्यांचं जे खरं आहे ते मोकळेपणानं कबूल करू. आपल्या आयुष्यात टिकाऊ असं आहे तरी काय? माझ्या आजोबांकडं डॉक लेबर बोर्डाचं कार्ड होतं. बोर्डाच्या आधी गोदीच्या गेटावर गुरांच्या बाजारासारखी माणसं उभी राहायची. मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. १९४८ चा कायदा झाला, बोर्ड आलं, नावं नोंदली गेली, काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. मग १९८९ साली खाडीपलीकडं न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. कंटेनर आले. टोळीच्या टोळीचं काम एक क्रेन करू लागली. १९९४ साली लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. ज्या प्रिन्सेस नि व्हिक्टोरिया डॉकमध्ये बोटी लागायच्या, तिथं भराव पडला. आणि मी? माझ्याकडं ठेकेदाराचा पास आहे, मुदत तीन महिने. रात्री अकराला मोबाइलवर निरोप येतो की उद्या ये. किंवा येत नाही. म्हणजे आजोबांच्या बापाच्या त्या गेटावर मी परत येऊन उभा आहे, फक्त मुकादमाचं बोट मोबाइलमध्ये जाऊन बसलंय.

ज्याच्या पायाखालची फळी रोज हलते त्याला न हलणारा खांब हवासा वाटणारच. शेठजीला देव लागतो तो हिशेबाच्या वहीवर कुंकवाचं बोट लावायला. आपल्या माणसाला लागतो तो धरायला. हा फरक मी विसरत नाही. जे पांढरपेशे क्रांतिकारक खुर्चीत बसून आपल्या आयाबायांच्या देवाला हसतात, त्यांच्या ओळीत मला उभं करू नका.

माझी आजी ऐंशीच्या पुढं आहे. धर्मांतरानंतर आमच्या गावात महारवाड्यानं घरोघरचे देव टोपल्यांत भरले नि नदीत सोडले. आजीच्या सासूनंही सोडले. पण खंडोबाचा एक टाक तिनं लुगड्याच्या घडीत मागं ठेवला. सासू गेली, टाक आजीच्या पत्र्याच्या पेटीत आला, पेटी मुंबईत आली. मी एकदा विचारलं, आजे, हे काय? ती म्हणाली, "लेकरा, म्या देव म्हून न्हाई ठिवला. अंधारात पेटीत हात घातला की त्यो हाताला लागतो. सासू हाय आसं वाटतं."

यावर मी काय बोलणार? तो टाक कुणाच्या नळावर पहारा देत नाही, कुणाच्या लग्नाची वरात अडवत नाही. तो फक्त एका म्हातारीच्या हाताला लागतो. ओळखीच्या वस्तूत माणसाला ऊब मिळते, यात चोरीचं काही नाही. मला गोदीतल्या माझ्या जुन्या हुकाची मूठ ओळखीची वाटते, दुसऱ्याचा हूक हातात बसत नाही. पण मी हुकाची पूजा करत नाही, आणि तो गंजला तर टाकतो.

तुमचं तसं नाही, मित्रांनो. म्हातारीची ती सवय आहे, तुम्ही सवयीचा सिद्धान्त करून बसलात. देव बदलत नाही, आणि बदलत नाही म्हणूनच तो मोठा, हा तुमचा सिद्धान्त. तो कुठून आला, त्याचं भाडं कोण भरतं, हे एकदा बघा.

गोदीतलं एक सांगतो, त्याशिवाय माझं म्हणणं ध्यानात यायचं नाही. मुंबईच्या समुद्राला दिवसातनं दोनदा भरती, दोनदा ओहोटी. उधाणाच्या दिवशी पाणी दोन पुरुष चढतं नि उतरतं. धक्क्याला बाहेर बांधलेल्या बोटीचे दोर सारखे सैल करावे लागतात, पुन्हा ओढावे लागतात, नाहीतर तुटतात. पण इंदिरा डॉकच्या आत या. पाणी जवळजवळ आहे तिथंच. बोट शांत. नवखा माणूस म्हणतो, वा, इथं समुद्र कसा स्थिर आहे! अरे बाबा, समुद्र स्थिर नाही. तोंडाशी लॉक आहे, लॉकला दरवाजे आहेत. १९१४ साली ही गोदी उघडली, तेव्हा तिचं नाव अलेक्झांड्रा डॉक होतं. तेव्हापासून कुणीतरी ते दरवाजे वेळेवर उघडतं, वेळेवर मिटतं, कुणीतरी ग्रीस लावतं, कुणीतरी पावसात दोर धरून उभं राहतं. म्हणून आतलं पाणी हलत नाही. स्थिर पाणी हा निसर्गाचा चमत्कार नाही, ती पाळीवरच्या माणसांची मजुरी आहे.

तेव्हापासून न बदलणारी कुठलीही गोष्ट कुणी दाखवली की मी आधी तिचे दरवाजे शोधतो, आणि ते ओढणारे हात.

याच डोळ्यांनी पंढरपूरला चला. आपल्या लोकांना सगळ्यात जवळचा देव तोच. दुसरा कुणी घेतला तर अन्याय होईल. युगानुयुगं तो कमरेवर हात ठेवून उभा आहे, हलला नाही, अशी श्रद्धा. बघू या. लाखो हात नि कपाळं घासून त्याचे पाय झिजले. दगडच तो, झिजणार. २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी रसायनांचा वज्रलेप देऊन झीज थांबवायची खटपट केली. त्याआधीही असे लेप झालेत. म्हणजे त्याचं न बदलणं टिकवायला सरकारी खातं लागतं. त्याच साली मार्चमध्ये कोरोनाच्या साथीनं देवळाचं दार बंद झालं. बंद केलं ते बरोबरच केलं. आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.नं पंढरीला गेल्या. शेकडो वर्षांची पायी वारी एका आदेशानं बदलली आणि आभाळ कोसळलं नाही. गोदी मात्र चालू होती, कारण बंदर अत्यावश्यक सेवेत येतं. देव दाराआड आणि हमाल उघड्यावर.

आणखी बघा. बडवे नि उत्पात यांचे पिढीजात हक्क देवाइतकेच अढळ आहेत असं मानलं जायचं. १९७३ साली विधिमंडळानं कायदा केला, चाळीस वर्षं कोर्टकज्जे झाले, आणि २०१४ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं ते हक्क कायमचे निकालात काढले. विठोबा काही बोलला नाही. १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले, तेव्हा कुठं अस्पृश्यांना दार उघडलं. तेव्हाही विठोबा बोलला नव्हता. आणि त्याआधीची शेकडो वर्षं दार मिटलं होतं तेव्हाही तो बोलला नाही. मग त्याचं न बदलणं म्हणजे नेमकं काय? देवळात जे जे बदललं ते माणसांनी बदललं, आणि जे जे बदललं नाही तेही माणसांनीच धरून ठेवलं. दरवाजा ओढणारे हात दोन्हीकडं माणसांचेच.

चोखोबा घ्या. सगळ्यांना त्याची भक्ती आठवते. मला त्याचा मृत्यू आठवतो. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चाललेलं, १३३८ साल सांगतात, भिंत कोसळली नि राबणारे मजूर खाली गाडले गेले. चोखोबा त्यांच्यात. बाकीच्यांची नावं नाहीत. नामदेव गेले, हाडं शोधली, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची म्हणून ओळखली, आणि पंढरपूरला आणून महाद्वाराच्या पायरीशी पुरली. फार मोठी, काळीज हलवणारी कथा. नामदेवांनी मैत्री राखली, त्याबद्दल मी हात जोडतो. पण गोदीतला माणूस ही कथा ऐकतो तेव्हा दुसराच प्रश्न विचारतो. भिंतीचं काम कुणाच्या हुकमानं चाललं होतं? ती कच्ची का होती? ज्यांच्या हाडांतून काहीच ऐकू आलं नाही त्या मजुरांच्या बायकापोरांना काय मिळालं? कथा इथं मुकी होते. आणि पायरीशी पुरला म्हणजे मेल्यावरही आत नाही. देव बदलला नाही. भक्ताची जागाही बदलली नाही. या दोन गोष्टी एकाच दोरानं बांधलेल्या आहेत, एक ओढली की दुसरी येते.

हे जुनं झालं असं म्हणू नका. मागच्या पावसाळ्यात आमच्या पाळीतल्या एकाच्या पायावर स्टीलची कॉइल घसरली. स्लिंग जुनी होती, सगळ्यांना माहीत होतं. ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात आला, पाकीट दिलं, वर बघितलं नि म्हणाला, देवाची मर्जी, त्याच्यापुढं कुणाचं चालतं! त्या पोराच्या आईनं हात जोडले. तिला त्या शब्दांनी थोडा वेळ बरंही वाटलं, मी बघितलंय. पण खरा दिलासा कुणाला मिळाला? ठेकेदाराला. स्लिंग तीच राहिली. पोरगं आता वस्तीच्या तोंडाशी पानाची टपरी चालवतं, काठी घेऊन.

म्हणून म्हणतो, न बदलणाऱ्या देवाकडून मिळणारी शांती फुकट मिळत नाही. थप्पीतल्या वरच्या गोणीला वाटतं, सगळं कसं जागच्या जागी आहे, हलवू नका. खालच्या गोणीला विचारा. सनातन या शब्दाचा अर्थच नेहमीचं, कायमचं. याच शब्दाच्या सावलीत वर्ण कायमचे, जात कायमची, झाडू कायमचा, महारवाडा कायमचा गावाबाहेर. तुम्ही म्हणता, आम्ही तो जातीचा भाग घेत नाही, आम्ही फक्त देवाची स्थिरता घेतो. च्यायला, माशाचा वास नको, मासा पाहिजे! २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ती काय शेकोटीसाठी? कायमचं म्हणून जे जे सांगितलं जातं ते जळू शकतं, हे डोळ्यांनी दिसावं म्हणून जाळली.

नाशिकला १९३० च्या २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बायाबापड्या उन्हात दारापुढं बसल्या, रामाच्या रथाच्या दिवशी दगड खाल्ले. वर्षांमागून वर्षं गेली, दार हललं नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्रातून साफ कळवलं की मूर्तिपूजक व्हावं किंवा देवळात जाऊन समता मिळेल म्हणून हा लढा उभारला नव्हता, आपल्या माणसांना आपली अवस्था कळावी, ती पेटून उठावीत म्हणून उभारला होता. पुढल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवला. राम बदलला नाही ना? ठीक. आम्ही बदलतो.

आणि बदललो कसे, तेही बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब उभे राहिले तेव्हा त्यांचं वय ६५ होतं. मधुमेहानं शरीर पोखरलेलं, चालायला आधार लागायचा. या वयात माणूस काय करतो? ओळखीची खुर्ची, ओळखीची उशी, ओळखीचा देव शोधतो. ओळखीच्या उबेवर कुणाचा हक्क असेल तर तो थकलेल्या, आजारी, सत्तरीकडं झुकलेल्या माणसाचा. या माणसानं त्या वयात जन्माचा धर्म उतरवून ठेवला आणि लाखोंना सांगितलं, उतरवा. ५३ दिवसांनी तो गेला. आणि पंचविशीतले तुम्ही, धडधाकट, म्हणता की आम्हाला काहीतरी न बदलणारं हवं!

त्यानं आपल्याला जो धम्म दिला त्यात बदल हा शत्रू नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. सर्व संस्कार अनित्य आहेत असं मानणं म्हणजे धम्म, असं तिथं स्वच्छ मांडलंय. लोक अनित्य म्हटलं की मयताच्या घरी ऐकतात तसा चेहरा करतात. सगळं जाणार, सगळं नाशवंत, हाय हाय. ज्यांच्याकडं जाण्यासारखं पुष्कळ आहे त्यांना तो शब्द रडवतो, त्यांनी रडावं. माझ्याकडं तीन महिन्यांचा पास आहे. तो जाणार म्हणून मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? रात्री अकरा वाजून गेले नि निरोप आला नाही की पोटात खड्डा पडतो. पण ज्या दिवशी मला नीट कळलं की ठेकेदारही अनित्य, पास देणारी ही पद्धतही अनित्य, गेटावरचा गुरांचा बाजार एकदा १९४८ साली मोडला होता म्हणजे पुन्हाही मोडू शकतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला हलकं वाटलं. बाबाच्या प्रवचनानं येतं तसं गुंगीचं हलकं नव्हे. पाठीवरचं ओझं खाली ठेवता येतं, हे कळल्याचं.

इथवर तुम्ही माना हलवल्या असतील. आता जरा आपल्याच घरात शिरतो, तिथं हलवा.

आपण बाबासाहेबांचं काय केलं? निळा कोट, लाल टाय, काखेत पुस्तक, वर केलेलं बोट. वर्षानुवर्षं तेच. ज्या माणसानं १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ साली तो बाजूला सारून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन काढलं, आणि मरणाआधी तेही मोडून रिपब्लिकन पक्षाचा आराखडा केला, तो माणूस आपण जागच्या जागी थिजवला. ज्यानं ७ नोव्हेंबर १९३८ ला मजुरांच्या संपाच्या हक्कासाठी मुंबई बंद केली, त्याच्या जयंतीच्या स्टेजवर आज ठेकेदार बसतो नि हार घालतो. बसणारच. दगडाला हार घालायला काय जातं? दगड स्लिंगबद्दल विचारत नाही. १९७२ साली पँथर निघाली, दोन वर्षांत फुटली, १९७७ साली बरखास्तीची घोषणा झाली. फुटण्याची कारणं आपण पन्नास वर्षांत चव्हाट्यावर धड मांडली नाहीत, १९७३ चा जाहीरनामा मात्र पोथीसारखा कपाळाला लावतो. वाचतो किती जण? जमीन, मजुरी, भूमिहीन, कामगार हे शब्द त्यात कुठल्या पानावर आहेत, हात वर करा.

ओळखीच्या उबेची चटक देवापुरती राहत नाही, ती अशी चळवळीत उतरते. विठोबाची वीट काढून घेतली नि त्याच विटेवर बाबासाहेबांना उभं केलं. बडवे बदलले, एवढंच.

आता हातातल्या कामाचं. आमच्या वस्तीत पुतळ्यावर संगमरवरी छत्री बसवायची म्हणून घरटी पाचशे रुपये वर्गणी निघाली आहे. पुतळ्यामागं पत्र्याची अभ्यासिका आहे. तिचं छप्पर गळतं, पावसाळ्यात पोरं पुस्तकं पिशवीत घालून वाचायला बसतात, बारा पोरांत दोन बल्ब. ठरावाला विरोध केला तर मंडळाचे जुने लोक म्हणतात, भावना दुखावतात, चालत आलंय तसं चालू दे. आणि आपले ते पहाटेचे प्रवचनवाले पदवीधर त्यांच्या बाजूनं बोलतायत. दोघांना एकच पाहिजे, न हलणारं काहीतरी.

येत्या रविवारी रात्री नऊला बैठक आहे. मी दुसऱ्या पाळीवरनं सरळ तिथंच येतो. येताना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घेऊन येणार आहे, अनित्यतेच्या पानाला खूण घातली आहे. ज्याला छत्री पाहिजे त्यानं ते पान आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं, मग वर्गणीचं पुस्तक उघडावं. पत्र्यांचा नि वायरिंगचा भाव मी काढून ठेवलाय. चढवायला गोदीतले चार जण यायला तयार आहेत, मजुरी घेणार नाहीत.